जनावरासारखं म्हणजे कुणासारखं?

मासळीला दुखतं का? हा प्रश्न आपल्या बैठकीत कुणी काढला तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. हशा पिकतो. एकजण म्हणतो, "भावा, आधी माणसाचं बघ." दुसरा म्हणतो, "हे पोट भरलेल्यांचे चाळे." आणि विषय मिटतो. मला वाटतं, हा विषय आपण फार स्वस्तात मिटवतो. ज्यांच्याशी आपलं भांडण आहे त्यांनी दयेचा ठेका घेतला, म्हणून आपण दयेवरचा आपला हक्कच सोडून द्यायचा? ही तर हार झाली. आणि दुसरं असं की आपल्या कवितेत जनावर पानोपानी येतं. कुत्रं येतं, डुक्कर येतं, ढोर येतं, गळाला लागलेला मासा येतो. त्या जनावराला काय होतं, हे मात्र आपण विचारलेलं नाही. तेव्हा हा लेख मासळीवर आहे, ताटावर आहे आणि आपल्या लिहिण्यावरही आहे.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. शिक्षण दहावी. पुढचं जे काय वाचलं ते पाळ्यांच्या मधल्या वेळात. पंडिती भाषा इथं मिळणार नाही.

आधी मासळीचं बघू. २००३ साली लिन स्नेडन या बाई आणि त्यांचे सोबती यांनी स्कॉटलंडमध्ये ट्राउट जातीच्या माशांवर प्रयोग केला. माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं. मग काही माशांच्या ओठांत मधमाशीचं विष टोचलं, काहींच्या ओठांत आम्ल टोचलं, काहींना नुसतं खारं पाणी टोचलं. विष आणि आम्ल टोचलेले मासे जागच्या जागी डुलायला लागले. त्यांचे कल्ले भराभर हलायला लागले. आम्ल टोचलेले मासे तळाच्या खडीवर ओठ घासायला लागले. इतर मासे खायला लागले तरी हे कितीतरी वेळ अन्नाला तोंड लावेनात. पुढं मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणं कमी झाली.

सगळे शास्त्रज्ञ हे मानतात असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रायन की यांनी २०१६ साली उलट बाजू मांडली. माणसाच्या मेंदूवर जो वरचा थर असतो, ज्याच्यामुळे आपल्याला वेदना जाणवते, तो थर माशाला नाहीच, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मासा फडफडतो, पण त्याला दुखत नाही. आमच्या खात्यात ड्रॉफ्रेमवर स्लायव्हर तुटली की मशीन आपोआप थांबतं, दिवा लागतो. मशीनला दुखलं म्हणून नव्हे, तशी त्याची जुळणी असते. मासाही तसाच, असा हा मुद्दा. मुद्दा फेकून द्यायच्या लायकीचा नाही. पण मशीन आपली जखम खडीवर घासत नाही. मशीनची भूक मरत नाही. मशीनला मॉर्फिन दिलं तर त्याला आराम पडत नाही. शिवाय तो थर पक्ष्यांच्या मेंदूतही माणसासारखा नसतो, तरी कोंबडीला दुखतं याबद्दल आज कुणी फारसा वाद घालत नाही. वेदनेला एकच दरवाजा आहे आणि तो माणसाच्याच घराला आहे, असं कुणी सांगितलं?

इंग्लंडने २०२२ च्या कायद्यात पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांना, म्हणजे माशांनाही, जाणीव असलेले जीव मानलं. त्यांच्याबरोबर खेकडा, झिंगा, म्हाकूळ यांनाही धरलं. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहे. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. खाण्यासाठी मारायला त्या कायद्यात मुभा आहे, पण विनाकारण वेदना द्यायला मुभा नाही. 'विनाकारण' हा शब्द लक्षात ठेवा. पुढं तो लागणार आहे.

माझं मत मी सांगून टाकतो. मासळीला दुखतं असं धरूनच चालावं. दुखत नसेल आणि आपण जपून वागलो तर आपलं काही जात नाही. दुखत असेल आणि आपण बेफिकीर वागलो तर फार मोठा अन्याय होतो. आणखी एक कारण आहे, ते आपल्या अनुभवातलं. "त्यांना आपल्यासारखं दुखत नाही" हे वाक्य आपण ओळखतो. उन्हात राबणाऱ्या बाईबद्दल ते म्हटलं गेलं. गटारात उतरणाऱ्या माणसाबद्दल ते म्हटलं गेलं. त्यांना सवय असते, त्यांची कातडी जाड असते. मी माणूस आणि मासा एका तागडीत घालत नाही. मी त्या वाक्याकडे बोट दाखवतोय. हे वाक्य कुणाहीबद्दल कानावर आलं तर आपल्या कानात खडा पडल्यासारखं झालं पाहिजे.

इथं तुमच्यातला कुणीतरी उसळून उठेल. "म्हणजे तू पण शाकाहाराचा प्रचार करायला निघालास काय? ज्या लोकांनी आम्हाला खाण्यावरून घर नाकारलं, पंगतीतून उठवलं, त्यांची री ओढतोस?" थांबा. त्यांचा शाकाहार काय चीज आहे, तेच आता उलगडून बघू.

आमच्या खात्यात जेवणाच्या सुट्टीत सुकटीचा डबा उघडला की दोघंतिघं उठून पलीकडच्या बाकावर जातात. त्यातल्या एकाला मी विचारलं, "काय हो, वास नको म्हणून उठता, का जीव मारलेला बघवत नाही म्हणून?" तो गडी भला माणूस. विचार करून म्हणाला, "तसं काय नाही. आमच्यात चालत नाही." हे वाक्य मी कितीतरी दिवस डोक्यात घोळवतोय. 'आमच्यात चालत नाही.' या वाक्यात मासा कुठं आहे? नाही. माशाचं दुखणं कुठं आहे? नाही. वाक्यात आहे फक्त 'आमच्यात'. कुंपण आहे. म्हणजे जे वेदनेचं म्हणून मिरवलं जातं ते असतं विटाळाचं. वेदना आणि विटाळ हे दोन शब्द 'व'पासून सुरू होतात एवढंच त्यांच्यात साम्य. वेदना म्हणते, त्याला काय होतं? विटाळ म्हणतो, मला काय लागेल?

पुरावा पाहिजे? कोकणातले, गोव्यातले सारस्वत मासे खातात आणि ब्राह्मण राहतात. बंगालातला ब्राह्मण मासा खातो आणि पूजेला बसतो. तोच मासा आमच्या घरी शिजला की त्याचा वास होतो. विटाळ माशाला नसतो, खाणाऱ्याला असतो. दुसरा पुरावा कायद्यातला. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाय कापायला बंदी आली. १९९५ साली मंजूर झालेल्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल, वळूही त्या बंदीत आले. म्हैस बाहेर राहिली. आता मला सांगा, सुरी मानेला लागल्यावर म्हशीला बैलापेक्षा कमी दुखतं का? वेदना मोजून केलेला कायदा असता तर म्हशीची आणि बैलाची मान त्याला एकच दिसली असती. इथं माप वेदनेचं नाही, पावित्र्याचं आहे. आणि पावित्र्याच्या मापाची काठी कुणाच्या पाठीवर पडते तेही आपण बघितलं. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत ऊना इथं आपल्या पोरांना भर रस्त्यात मारलं. पोरांनी गाय मारलेली नव्हती. ती मेलेल्या गायीचं कातडं सोलत होती, म्हणजे गावानं पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच गळ्यात बांधलेलं काम करत होती. आमच्या कोल्हापूरची चप्पल जगात मिरवते. ती पायात घालणारा शौकीन ठरतो आणि तिचं कातडं कमावणारा अस्पृश्य ठरला.

बाबासाहेबांनी १९४८ सालच्या अस्पृश्यांच्या मुळावरच्या ग्रंथात हेच उकरून काढलं. एके काळी गोमांस खाणारा ब्राह्मण शाकाहारी का झाला, याचं उत्तर त्यांनी दयेत शोधलं नाही. बौद्ध धम्माने लोकांच्या मनात जी जागा घेतली होती ती परत मिळवण्याच्या डावात शोधलं. आणि जे गरीब मेलेल्या गायीचं मांस खात राहिले त्यांच्यावर अस्पृश्यतेचा शिक्का कसा बसला ते दाखवलं. महाडला १९२७ साली आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, त्याने तळं बाटत नव्हतं. आपण प्यालो तेव्हा शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या १०८ घागरी ओतून तळं शुद्ध करून घेतलं. मुंगीला साखर घालायची आणि माणसाला पाणी नाकारायचं, ही त्यांची भूतदया. तिला आपण नकार दिला तो बरोबरच दिला.

पण दोस्तहो, खोटी दया नाकारताना आपण दयाच नाकारायला लागलो तर आपण कुणाचे अनुयायी? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली तेरावी सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांना सांभाळण्याची आहे. आपण ती हात पुढं करून म्हणतो. मटण-मासळी सोडण्याची प्रतिज्ञा त्या बाविसांत एकही नाही. दारू सोडायची आहे, मटण सोडायचं नाही. बाबासाहेबांना हा विषय माहीत नव्हता असं कोण म्हणेल? तेराव्या प्रतिज्ञेत दया ठेवली आणि ताटावर बंदी घातली नाही, यात विचार आहे. तो विचार काय, ते 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सापडतं. तिथं बाबासाहेब तत्त्व आणि नियम यांत फरक करतात. नियम माणसाला बांधतो. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळं ठेवतं. बुद्धाची अहिंसा तत्त्व आहे. आणि जीव घ्यायची हौस वेगळी, जीव घ्यायची गरज वेगळी, हा त्यांचा दुसरा फरक. यज्ञात जनावर कापणं ही हौस. ती बुद्धाने धिक्कारली. कोणत्याही स्थितीत मारणारच नाही, हे जैनांचं टोक. बुद्धाचा रस्ता मधला.

देवदत्ताची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. भिक्खूंनी आयुष्यभर मासळी-मांस खाऊ नये असा नियम कर, ही त्याच्या पाच मागण्यांपैकी एक. बुद्धाने ती नियम म्हणून मान्य केली नाही. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंका नाही, तर भिक्षेत पडलेलं खायला हरकत नाही, असं ठेवलं. सुत्तनिपातात आमगंध नावाचं सुत्त आहे. मांस खाणाऱ्याला कच्च्या मांसाची घाण येते असं म्हणणाऱ्याला त्यात उत्तर मिळतं. घाण चोरीची असते, खोट्याची असते, क्रूरपणाची असते. सुकटीच्या डब्यापासून उठून जाणाऱ्याला द्यायचं उत्तर इतकं जुनं आहे.

आता याच बुद्धाची दुसरी बाजू बघा. ती आपण भाषणात कधी सांगत नाही. उदानात एक छोटी गोष्ट आहे. श्रावस्ती आणि जेतवनाच्या मधल्या वाटेवर काही पोरं लहान माशांना छळत होती. बुद्ध थांबला. त्याने पोरांना पापपुण्य सांगितलं नाही, नरक सांगितला नाही. एकच विचारलं, की तुम्हाला दुःखाची भीती वाटते का? दुःख तुम्हाला नकोसं वाटतं का? पोरं हो म्हणाली. मग त्याने सांगितलं, दुःख नको असेल तर वाईट करू नका. स्कॉटलंडच्या प्रयोगशाळेच्या कितीतरी शतकं आधी मासळीच्या दुःखाचा प्रश्न वाटेवरच्या पोरांना विचारून झाला होता. तो आपल्याच गुरूने विचारला होता. हा प्रश्न पोट भरलेल्यांचा आहे असं कोण म्हणतो?

इथून मी आपल्या लिहिण्याकडे वळतो. हातात येतील त्या कविता घ्या. 'कुत्र्यासारखं हाकललं.' 'ढोरासारखं राबवलं.' 'डुकरासारखं जगवलं.' ही वाक्यं खरी आहेत, त्यांच्यामागं खरं रक्त आहे. मी स्वतः अशी वाक्यं मंचावरून वाचलेली आहेत आणि टाळ्याही घेतलेल्या आहेत. पण त्या वाक्यांच्या पोटात काय आहे ते तपासणं हे समीक्षेचं काम आहे. 'मला ढोरासारखं राबवलं' असं मी म्हणतो तेव्हा माझी तक्रार काय असते? राबवल्याची, का मला ढोराच्या रांगेत उभं केल्याची? दुसरी असेल तर ढोराला मरेस्तोवर राबवणं मला मान्य आहे. मग मी उतरंड मोडली नाही, उतरंडीत माझं मडकं वर सरकवा एवढंच मागितलं. आणि 'ढोर' ही तर आपल्याच भावांची जात आहे, कातडं कमावणाऱ्यांची. शिवीही तीच, जातही तीच. ज्या भाषेने हे केलं ती भाषा आपण तपासल्याशिवाय वापरायची?

आपल्या मोठ्या लेखकांनी हे जास्त नीट पाहिलंय. शरणकुमार लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) आजी शेण गोळा करते, त्यातले ज्वारीचे दाणे धुऊन घेते, वाळवते, दळते आणि भाकरी करते. हे पान वाचून पांढरपेशा वाचक नाक धरतो किंवा डोळे पुसतो. मला त्या पानावर तिसरंच दिसतं. तो दाणा मालकाच्या शेतातला. मालकाने दिला नाही. जनावराच्या पोटातून तो आजीच्या हातात आला. त्या पानावर जनावर हे शिवी म्हणून येत नाही. भुकेल्या बाईच्या आणि धान्याच्या मधला तो एकच दुवा आहे.

नागराज मंजुळेचा 'फँड्री' (२०१३) तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. गावाला डुकरांचा विटाळ होतो आणि तीच डुकरं धरायचं काम जब्याच्या घरावर पडतं. बाप पळतो, आई पळते, बहिणी पळतात, जब्या लपायला बघतो आणि गाव हसत उभं. शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, घरदार ताठ उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं. आपण त्यातला अपमान बघतो आणि शेवटचा दगड बघतो. पण त्या मैदानात जीव मुठीत घेऊन पळणारं आणखी कुणीतरी आहे. जब्याच्या बापाला डुक्कर मारायची हौस नाही. हौस बघणाऱ्यांना आहे. पळणारं डुक्कर आणि त्याच्यामागं पळणारं घर, दोघंही एकाच गर्दीचा तमाशा झालेत. डुकराला वगळून तो प्रसंग वाचला तर अर्धाच वाचला.

शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याचं पुस्तक. त्यात ताटाची लाज नाही आणि ताटाची फुशारकीही नाही. आपल्या माणसांनी जनावराचं काहीही वाया घालवलं नाही. रक्ती, वजडी, हाडं, वाळवलेल्या चान्या, कातडं. तेलाला पैसा नव्हता म्हणून शिजवण्याची रीतही तशी. ज्याने स्वतः जनावर सोललं त्याला जनावर आतून माहीत असतं. दुकानात ब्रॉयलर पिसासकट उलटा टांगून आणतात, आपण पाठ करून मोबाइल बघत उभं राहतो आणि काळ्या पिशवीत किलोभर तुकडे घेऊन येतो. आपल्याला काय माहीत असतं? आजोबांच्या ताटात गरज होती. आपल्या काळ्या पिशवीत गरज किती आणि हौस किती, हे ज्याचं त्याने मोजावं.

आणि उपमेचंच बोलायचं तर सुत्तनिपातात आणखी एक जागा आहे. माणसं एकमेकांशी भांडत तडफडताहेत हे पाहून आपल्याला भय वाटलं, असं बुद्ध सांगतो. ती तडफड कशी होती हे सांगताना तो आटत चाललेल्या पाण्यातल्या माशांचा दाखला देतो. आपली उपमा जनावराला खाली ढकलून माणसाला वर काढते. त्याच्या उपमेत माशाची तडफड आधी खरी आहे, म्हणून माणसाची तडफड कळते. हा फरक कारागिरीचा नाही, नैतिक आहे.

आटत्या पाण्यातला मासा बघायला आपल्याला ग्रंथात जायची गरज नाही. पंचगंगेवर चला. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांचं पाणी प्रयाग चिखलीजवळ एक होतं, कोल्हापूर, इचलकरंजी करत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं. वाटेत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या मध्ये बरगे घालतात आणि पाणी अडतं. अडलेल्या पाण्यात शहराचं सांडपाणी येतं, साखर कारखान्यांचं आणि डिस्टिलरीचं मळीचं पाणी येतं, कापडाच्या प्रोसेसचं रंगीत पाणी येतं. ही घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मासा वर येतो, तोंड उघडून पाण्याच्या वरच्या थराला ओठ लावतो. मग उलटा होतो. शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडलेला या भागातल्या माणसाला नवा नाही. एकदा पाहिला की सरलं, असंही नाही. पुन्हा पुन्हा पडतो.

तेव्हा काय होतं? पंचनामा होतो. बाटलीत पाणी भरतात. नोटीस निघते. काठावरचं गरीब माणूस टोपली घेऊन येतं, कारण मेलेला असला तरी मासा आहे. बाकीचं गाव नाकाला रुमाल लावतं. भूतदयेची पत्रकं वाटणारे त्या दिवशी नदीवर दिसत नाहीत. माझा सवाल सरळ आहे. भोयाच्या जाळ्यातला मासा कुणाच्या तरी पोटात गेला, कुणाची तरी चूल पेटली. बंधाऱ्यात गुदमरून मेलेले मासे कुणाच्या गरजेसाठी मेले? त्यांना मारायची कुणाला हौस नव्हती. कुणाला गरजही नव्हती. पाणी साफ करून सोडायला खर्च येतो. तो वाचवला. कायद्यातला 'विनाकारण' हा शब्द कुठं लावायचा असेल तर आधी इथं लावा. सुकटीच्या डब्यावर नंतर या.

आणि नदी माशापाशी थांबत नाही. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली, माणसं दगावली. आधी मासा, मग नळाचं पाणी पिणारा माणूस. ज्याला पाण्याचा जार परवडतो तो सगळ्यात शेवटी. म्हणून "आधी माणसाचं बघ" म्हणणाऱ्या दोस्ताला मी सांगतो, मासळीचं बघितलं असतंस तर माणसाचंही वेळेवर दिसलं असतं. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी लढलेल्यांच्या पोरांनी पंचगंगेच्या पाण्यावर बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? आम्ही गिरणी-मागावरची माणसं. सूत आम्ही काढतो, कापड आम्ही विणतो. रंगाचं पाणी कुठं सोडायचं हे आम्हाला विचारून ठरत नाही. ते आम्हाला विचारलं पाहिजे, ही युनियनची मागणी झाली पाहिजे. पगार, बोनस आणि नदी.

मग खायचं का नाही? मी सुकट खातो. माझी आई करते ती चटणी मी सोडणार नाही आणि कुणाच्या धाकाने तर नाहीच. ज्याला मनापासून सोडावंसं वाटतं त्याने सोडावं, त्याला चेष्टेने हैराण करू नका. पण त्याने देवदत्त होऊ नये. १४ एप्रिलच्या जेवणात कुणी काय खावं याचा हुकूम काढू नये. जो खातो त्याने हौस आणि गरज वेगळी ठेवावी. जत्रेत मरीआईपुढं, म्हसोबापुढं बोकड पाडणं ही गरज नाही. तो यज्ञच आहे, फक्त आपल्या वस्तीतला. त्याला विरोध करताना 'आपली परंपरा' म्हणून माघार घेऊ नका. मासा टोपलीत तासभर तोंड वासत ठेवण्यापेक्षा बाहेर काढल्याबरोबर घाव घालून मोकळा करा. सुरी धारदार ठेवा. कोंबडीच्या गाडीत पाय मोडून पडलेल्या कोंबड्या दिसल्या तर दुकानदाराला चार शब्द सुनवा. एवढं करायला पैसा लागत नाही.

शाकाहाराची काठी घेऊन कुणी अंगावर आला तर "जनावराला काय दुखतंय" असं उत्तर देऊ नका. ते त्यांचंच वाक्य आहे, आपल्यावर वापरलेलं. म्हणा, "दुखतं. चला तेरवाडला. चला गटाराच्या झाकणापाशी, जिथं माणूस गुदमरतो. आणि मग आमच्या ताटावर बोला." बघा किती जण येतात.

आणि कवींनो, तुम्हाला वेगळं सांगतो, कारण तुमचा हात माझ्याच हातासारखा आहे. 'जनावरासारखं' हा शब्द लिहिताना पेन उचला. कुठलं जनावर, कुणाच्या दारातलं, त्याच्या मानेवर कशाचं घट्ट पडलेलं, ते लिहा. माझ्या आजोबांनी मेलेला बैल ओढला. बैल मालकाच्या जुवाखाली मेला होता आणि आजोबाही त्याच मालकाच्या कामाखाली लवकर गेले. दोघांचा धनी एकच होता. त्या धन्यावर कविता येऊ द्या. बैलाला शिवी करून ती येणार नाही.

जयभीम!